तिसरं पेडल

१

"आता बरं दिसतंय, की मगाशी बरं दिसत होतं?"

दिवसभर मी हेच विचारत असतो. माझं चष्म्याचं दुकान आहे. समोर खुर्चीत माणूस, त्याच्या नाकावर ती जड चौकट, आणि मी एक काच काढून दुसरी घालतो. आता की मगाशी? सुरुवातीच्या काचांपर्यंत माणसं खरं सांगतात. पुढं गोंधळतात, कंटाळतात, आणि मला बरं वाटावं म्हणून काहीही ठोकून देतात. त्यामुळं पहिलं उत्तर धरायचं आणि नंतरच्या उत्तरांकडं कानाडोळा करायचा, हे मला धंद्यानं शिकवलंय. कानांचंही तसंच असणार, असं मी धरून चाललो होतो.

संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी मी इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. आमच्या मित्रमंडळींच्या बँडचं एक गाणं रेकॉर्ड होत होतं. बाकी सगळं उरकलं होतं, फक्त मधला माझा तुकडा राहिला होता. रेकॉर्डिस्टनं तो ऐकला आणि नाक मुरडलं.

"फार गुळगुळीत आहे रे. इथं मला फाटका आवाज पाहिजे, आणि त्याच्या डोक्यावर बसलेला वरचा सूर. एखादं ऑक्टेव्ह फझ घेऊन ये."

ऑक्टेव्ह फझ म्हणजे पायानं दाबायचं एक पेडल, हातात मावेल एवढी पत्र्याची डबी. गिटारची वायर तिच्यात जाते आणि तिच्यातून पुढं ॲम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याला. तुम्ही एक सूर छेडलात की ती डबी तो फाडून खरखरीत करून सोडते, आणि तोच सूर एक सप्तक वर, स्वतःच्या पदरचा, जोडून देते. वाजवायचा एक, ऐकू येतात दोन.

वाद्यांचं दुकान एका जुन्या इमारतीच्या तळघरात होतं. दोन्ही बाजूंना मोबाइल दुरुस्तीवाले, मध्ये हे. भिंतीवर गिटारी टांगलेल्या, काउंटरच्या काचेखाली पेडलं मांडलेली, आणि मागं दुकानदार कसल्या तरी वायरचं टोक डागत बसलेला. मी काय पाहिजे ते सांगितलं. त्यानं तीन पेडलं काढून समोर ठेवली.

"इथं ऐकू नका," तो म्हणाला. "दुकानात सगळंच झकास वाजतं. घरी न्या. आपल्या खोलीत, आपल्या ॲम्पवर ऐका. थोडे दिवस ठेवा हवं तर. आवडेल ते ठेवून घ्या, उरलेली दोन परत आणा."

एक लाल होतं, एक हिरवं. तिसऱ्याला रंगच नव्हता. नुसता उघडा पत्रा, दोन बटणं, कुठं नाव नाही की अक्षर नाही.

"हे कुणी बनवलंय?"

"आहे असंच," तो म्हणाला. मग डागायची सळई बाजूला ठेवून त्यानं विचारलं, "घरी लहान मूल आहे का हो?"

"मुलगी आहे. का?"

"नाही, आवाज फार करतात ही. म्हणून आपलं विचारलं."

२

मुलीला आम्ही टिटवी म्हणतो. जन्मली तीच असा टाहो फोडत की नर्स म्हणाली, "टिटवीच आली की तुमच्याकडं." ते नाव चिकटलं. पुढं तो आवाज गोड झाला नाही, पण स्वच्छ झाला. काचेच्या पेल्याला चमचा लागावा, तसा. मी वाजवायला बसलो की ती जमिनीवर मांडी घालून चित्रं रंगवायची, आणि मी जे वाजवीन ते गुणगुणायची. शब्द नाहीत, नुसतं आ-आ. लहान पोरांचा गळा बापापेक्षा एक सप्तक वर असतो. त्यामुळं तिचं गुणगुणणं आपोआप माझ्या सुराच्या बरोबर डोक्यावर जाऊन बसायचं. तिला ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मला त्याचं भारी कौतुक होतं.

सुटीच्या दिवशी दुपारी मी तिन्ही पेडलं जमिनीवर मांडली. आधी लाल लावलं. डब्यात कोंडलेली गांधीलमाशी. हिरव्यात वरचा सूर होता, पण आजारी माणसानं पांघरुणाखालून हाक मारावी तसा. टिटवी दोन्ही वेळा गुणगुणत होती आणि मला ती नीट ऐकू येत होती.

मग बिनरंगाचं लावलं. गिटारच्या दांडीवरच्या बाराव्या पडद्याच्या वर एक सूर छेडला. खालचा सूर पाहिजे तसा फाटका निघाला, आणि वरचा स्वच्छ. तो खालच्याला चिकटलेला नव्हता. खालच्याच्या खांद्यावर पाय सोडून बसलेला होता.

मी माझा तुकडा सलग वाजवला. थांबलो तेव्हा लक्षात आलं, या खेपेला टिटवी गायलीच नाही.

"काय गं, गप्प का?"

तिनं खडूवरून मान वर केली. "गात होते की."

"मला नाही ऐकू आलं."

"मलापण नाही," ती म्हणाली आणि खुदकन हसली. "बाबा, ते माझी नक्कल करतंय."

मी पुन्हा वाजवलं, तिच्या तोंडाकडं बघत. ओठ हलत होते. गळ्याची शीर हलत होती. आवाज मात्र सगळा ॲम्पमधून येत होता.

मला त्यात घाबरण्यासारखं काही वाटलं नाही. एकाच नंबरच्या दोन काचा एकीवर एक धरल्या तर माणसाला दोन काचा थोड्याच दिसतात? दोन सूर तंतोतंत एक झाले असतील, कान त्यांना वेगळं करू शकत नसेल. एवढंच.

एक गोष्ट मात्र खटकली. गिटारचा सूर विरत जातो. या पेडलमध्ये तो विरत नव्हता. शेवटाला आला की कापला जायचा, कात्रीनं दोरा कापावा तसा. अशा पेडलांत असं होतं म्हणतात. मी ते मनावर घेतलं नाही.

संध्याकाळी जेवताना टिटवी म्हणाली, "बाब, पाण दे."

"शब्द काय खातेस गं अर्धे?" बायको म्हणाली. "नीट बोल."

"नीटच तर बोलत..." टिटवी म्हणाली, आणि तेही तिथंच तुटलं. आपलं काय चुकलं ते न कळून ती आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत राहिली.

३

बायको औषधाच्या दुकानात काम करते. तिला सुटी होती त्या दुपारी मी तिला म्हटलं, "जरा पाठ करून उभी राहा. मी तिन्ही पेडलं एकामागून एक वाजवतो. कुठलं बरं ते सांग. कुठलं वाजतंय ते मी सांगणार नाही."

"पेशंट केलंस होय मला?" ती म्हणाली, पण खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. हातात धुतलेले कपडे होते, त्यांच्या घड्या घालत.

लाल वाजवलं. "डोकं उठलं," ती म्हणाली. हिरवं वाजवलं. "हे पहिल्यापेक्षा बरं. पण रडकं आहे."

तिसरं वाजवलं. ती घडी घालता घालता थांबली.

"हेच," ती म्हणाली. "हे छानच आहे. पण टिटवीला बाहेर पाठव ना, मध्ये मध्ये गातेय ती. मला गिटार नीट ऐकू येत नाहीये."

मी तारांवर हात ठेवला. आवाज कापला गेला.

"टिटवी शाळेत आहे," मी म्हटलं.

ती वळली. आधी हसली, मी थट्टा करतोय असं समजून. मग आतल्या खोलीत गेली. पडद्यामागं पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, न्हाणीघराचं दार ढकलून पाहिलं. परत आली तेव्हा तिच्या हातात टिटवीचा फ्रॉक तसाच अर्धा घडी केलेला होता.

"पुन्हा वाजव," ती म्हणाली.

मी वाजवलं. तिनं तोंडावर हात ठेवला.

"अगं, सवयीनं होतं असं," मी म्हणालो. "रोज मी वाजवतो, ती गाते. आपला कान रिकामी जागा भरून काढतो. माणसं माझ्या खुर्चीत बसून न दिसणारी अक्षरंसुद्धा वाचून दाखवतात, ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण ती अक्षरं त्यांनी आधी पाहिलेली असतात."

हे माझ्या बाजूनं झालं की विरुद्ध, ते मला त्या वेळी कळलं नाही.

४

मग एका सकाळी न्हाणीघरातून पुरुषाचा आवाज आला, "आई, टॉवेल."

बायको चहा ओतत होती. कप भरून वाहिला, बशी भरली, चहा ओट्यावरून तिच्या पायावर ठिबकायला लागला, तरी ती किटली सरळ करेना. मी तिच्या शेजारीच उभा होतो. माझं तोंड बंद होतं. आणि न्हाणीघरातला आवाज माझा होता.

आम्ही दार उघडलं. डोळ्यांत साबण गेलेली टिटवी हात पुढं करून उभी होती. "कुठं आह?" ती म्हणाली. माझ्या आवाजात, शेवट कापून.

डॉक्टरांनी घशात बॅटरी मारली, मान चाचपली. सूज आहे, म्हणाले. सर्दी उतरली असेल. आवाजाला विश्रांती द्या, थंड देऊ नका. त्यांनी लिहून दिलेलं औषध बायकोनं आपल्याच दुकानातून आणलं आणि नेमानं पाजलं. काही फरक पडला नाही.

"मुलीचा आवाज बापावर जातो कधीकधी," मी म्हटलं. वातावरण जरा हलकं करायला.

बायकोनं औषधाची बाटली दाणकन ओट्यावर ठेवली.

शाळेत पोरांना खेळणंच मिळालं. मधल्या सुट्टीत तिला घेरून म्हणायची, "ए, आई म्हण ना. एकदाच म्हण ना." ती म्हणायची, कारण म्हटल्याशिवाय सोडत नसत, आणि पोरं हसून हसून जमिनीवर लोळायची. तिचं नाव काका पडलं. बाईंनी फोन केला. त्याही भल्या होत्या, अडखळत बोलल्या. "समूहगानात तिला आम्ही शेवटच्या रांगेत उभं केलंय. नुसते ओठ हलव म्हटलंय. वाईट वाटून घेऊ नका हं."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. तरी एका दुपारी मी मुद्दाम लाल पेडल लावलं, ते निरुपद्रवी, गांधीलमाशीवालं. टिटवी नेहमीसारखी जमिनीवर बसली होती. गाणार नाही असं वाटलं होतं, पण सवयीनं तिनं गुणगुणायला सुरुवात केली. तिचा वरचा सूर आलाच नाही. ती माझ्या गिटारच्या बरोबरीनं, त्याच सप्तकात, खालून गात होती. एका खोलीत आम्ही दोन बाप्ये बसलो होतो, आणि त्यातल्या एकाच्या केसांना रिबिनी होत्या.

"आता जमत नाही बाब," ती म्हणाली. "वर जायला जागाच नाह."

५

एवढं झाल्यावरही मी ते बिनरंगाचं पेडल घेऊन स्टुडिओत गेलो. तारीख ठरलेली होती. बाकीचे माझ्यासाठी खोळंबले होते. आणि घशाची सूज म्हणजे घशाची सूज, असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं.

स्टुडिओची खोली स्पंजनं मढवलेली, बिनखिडकीची. तिथं स्वतःचा श्वाससुद्धा परका वाटतो. मी तुकडा वाजवला. एकदा मनासारखा झाला नाही, पुन्हा वाजवला. मग पुन्हा. लांबलचक ओळी, मध्ये न थांबता. काचेपलीकडं रेकॉर्डिस्ट खुर्चीवरून उठून उभा राहिला होता.

"अरे, काय आणलंयस हे!" तो म्हणाला. "ये, ये आत. हे ऐक."

त्यानं यंत्रावर काहीतरी करून खालचा फाटका आवाज बाजूला काढला. उरला नुसता वरचा सूर. एकटा. त्याच्या आजूबाजूला काहीच नव्हतं.

प्रत्येक ओळीच्या आधी श्वास ऐकू येत होता. छोटा, घाईचा, पुरा न भरलेला. शेवटच्या ओळीच्या आधी तर श्वासच नव्हता. नुसती एक उचकी, आणि लगेच सूर. मग मी तारा दाबल्या होत्या ती जागा आली. गिटार थांबली होती. त्या शांततेत कुणीतरी हळूच म्हणालं,

"पुरे ना बाब."

रेकॉर्डिस्ट माझ्याकडं बघून हसला. "पोरीला घेऊन आला होतास की काय?"

"नाही."

"मग रेडिओ पकडला असेल तुझ्या वायरनं. होतं कधीकधी." त्यानं ते पुन्हा लावलं. पुन्हा. तिसऱ्यांदा लावताना तो डोळे मिटून ऐकत होता. "अंगावर काटा येतो राव. लोक वेडे होतील. बोल, ठेवू की काढू?"

मी विचार केला. वायरी रेडिओ पकडतात, हे खरंच आहे. कुठल्या तरी केंद्रावर कुठलंही मूल कुठल्याही बापाला पुरे म्हणत असेल. आणि वाजवलं होतं मी, मन लावून, आयुष्यात वाजवलं नव्हतं असं.

"ठेव," मी म्हटलं.

घरी आलो तर दार उघडंच होतं. बायको जमिनीवर बसली होती, टिटवीला मांडीत घट्ट धरून. पोरीचे ओठ काळेनिळे पडले होते.

"दुपारभर तोंड उघडत होती," बायको म्हणाली. "आवाज नाही, काही नाही. नुसता आ वासायची, आणि मिटायचं म्हटलं तर मिटेना. श्वास घ्यायला वेळ मिळत नव्हता रे तिला. मी पाठ चोळतेय, पाणी शिंपडतेय. शेवटी काहीतरी बोलली, तेही नुसत्या ओठांनी."

"काय बोलली?"

"तूच सांग," बायको म्हणाली.

६

"ते परत देऊन ये. आत्ताच्या आत्ता."

मी गेलो. दुकानदारानं काही विचारलं नाही. बिनरंगाचं आणि हिरवं त्यानं काचेखाली ठेवून दिलं, लाल मी ठेवून घेतलं. पायऱ्या चढताना छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. वाटेत टिटवीसाठी नवे खडूसुद्धा घेतले.

"दिलंस परत?" तिनं दारातच विचारलं. माझ्याच आवाजात.

सूज उतरायला वेळ लागतो, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी बायको दात घासता घासता थांबली आणि ब्रश हातात घेऊन तशीच माझ्यापुढं येऊन उभी राहिली. तोंडात फेस.

"आपण काय केलं रे हे? ते तिकडं आहे. तिचं जे काही आहे ते त्यात आहे, आणि आपण ते तिकडं नेऊन दिलं."

"तूच म्हणालीस परत दे म्हणून."

"मी म्हणाले! मी म्हणाले आणि तू ऐकलंस! एरवी कधी ऐकतोस का माझं?" तिनं ब्रश भिंतीवर फेकला. टिटवी आतल्या खोलीच्या दारात उभी राहून आमच्याकडं बघत होती.

मी दुकान न उघडता तळघराकडं धावलो. काचेखाली हिरवं होतं. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती.

"गेलं की ते," दुकानदार म्हणाला. "कालच. एक नवराबायको आले होते. वाजवून बघितलं आणि दोघं रडायलाच लागले. मीच गोंधळलो. घेऊन गेले लगेच."

"कोण होते? राहतात कुठं?"

"मी कुणाचं नावगाव विचारत नाही. तुमचं तरी कुठं विचारलंय?"

७

घेणारा माणूस नवशिका होता. हे मला टिटवीच्या तोंडावरून कळलं.

दुपार झाली की तिचं तोंड उघडायचं. थोडं, आणखी थोडं, आणखी, मग मिटायचं. पुन्हा पहिल्यापासून. सरळ सप्तकच घोटत होता तो. वर जाताना एका जागी बोट अडखळायचं, तिथं तिचा जबडा अर्धवट उघडा राहून थरथरायचा, आणि तो पुन्हा सुरुवातीपासून सुरू करायचा. गिटार शिकवायला बसलो असतो तर मी त्याला म्हणालो असतो, करंगळी तारेच्या जवळ ठेव बाबा. टिटवीच्या हनुवटीखाली हात धरून मी तेच पुटपुटत बसायचो. करंगळी जवळ ठेव. जवळ ठेव रे. आणि कधी त्याला ती जागा जमलीच, तर तिच्या आधी मलाच हायसं वाटायचं.

शाळा बंद केली. बायकोनं कामावर अर्धा दिवस मागून घेतला, सकाळ तिची आणि दुपार माझी अशी वाटणी झाली. मी जमेल तशी पायपीट केली, गिटार शिकवणाऱ्यांकडं चौकशी केली. पत्र्याची साधी डबी, वर नाव नाही. लोक मान हलवायचे.

मग एका दिवशी मी टिटवीला नव्या डॉक्टरांकडून घेऊन येत होतो. दुपार कलत होती. फळवाल्याच्या गाडीपाशी तिनं एकदम माझा हात घट्ट पकडला. तिचं तोंड उघडलं. आणि त्याच क्षणी मला वरून, एका इमारतीच्या उघड्या खिडकीतून, तिचा आवाज ऐकू आला.

काचेच्या पेल्याला चमचा लागावा, तसा. किती दिवसांनी. मी भर रस्त्यात उभा राहून रडलो असतो. पण टिटवीनं मला जिन्याकडं ओढलं.

८

घंटी वाजवल्यावर आतली गिटार थांबली. टिटवीनं श्वास घेतला. दार एका बाईनं उघडलं. माझ्या बायकोच्या वयाची असेल. डोळे सुजलेले, पण चेहरा असा की त्या घरात नुकतीच काहीतरी फार चांगली बातमी आली असावी.

"आवाज फार होतोय का हो?" ती घाईघाईनं म्हणाली. "माफ करा हं. आमची मुलगी गातेय. जन्मापासून एक अक्षर बोलली नव्हती ती. सगळे डॉक्टर झाले. तुम्हाला खाली ऐकू आलं? खरंच ऐकू आलं ना? आम्हालाच भास होतोय असं नाही ना?"

मी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. एका माणसाचे गुडघे दिसत होते, मांडीवर गिटार, आणि त्याच्या अनवाणी पायाखाली तो उघडा पत्रा. त्याच्यासमोर खुर्चीत एक मुलगी बसवलेली होती. टिटवीएवढीच. ती आमच्याकडं वळली. तिचं तोंड गच्च मिटलेलं होतं आणि दोन्ही तळवे तिनं कानांवर दाबून धरले होते, इतके की नखं पांढरी पडली होती.

आतल्या माणसानं, आम्ही दारात आहोत हे न कळून, तार छेडली.

"आई," खोली म्हणाली.

"ऐकलंत?" त्या बाईनं माझा दंड धरला. "ऐकलंत ना?"

माझ्या शेजारी टिटवीचं तोंड उघडून मिटलं होतं. तिनं ओठ पुसले.

"ते माझंय," ती म्हणाली. "द्या न."

बाई माझ्याकडं वळली. "काय म्हणालात?"

"मी नाही बोललो," मी म्हटलं.

तिनं मान खाली करून टिटवीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. रिबिनी, फ्रॉक, गळ्यावर डॉक्टरांनी लावलेली पट्टी. माझ्या दंडावरचा तिचा हात हळूहळू सुटला. ती काय समजायचं ते समजली, हे मला दिसलं. तिच्या जागी मी असतो तर मीही इतक्याच लवकर समजलो असतो.

"किती वर्षांची आहे?" तिनं विचारलं.

"आठ."

"म्हणजे आठ वर्षं मिळाला की हिला आवाज," ती म्हणाली. चिडून नाही. समजुतीनं, शेजारणीशी बोलावं तसं. "माझीला एक दिवस नव्हता."

आणि तिनं दार लावलं. हळूच, आवाज न करता. मग कडी ऐकू आली, आणि तिच्याखालची दुसरी.

मी दार बडवलं. मुठींनी बडवलं, खांद्यानं ढकललं, तोंडाला येईल ते बोललो. वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावून पाहिलं आणि पुन्हा आत गेलं. आतून त्यांनी ॲम्पचा आवाज वाढवला.

टिटवी पायरीवर बसली. तिचं तोंड उघडलं, मिटलं, उघडलं, मिटलं. दारापलीकडं तिचाच आवाज "आई, आई" म्हणत होता, आणि दर हाकेला ती बाई ओ देत होती.